आकडे आणि बोल यांची सांगड

नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थिनींना संशोधन-प्रकल्प करावा लागतो. पुण्यातल्या कॉलेजांतही तो होतो. प्रश्नावलीतून आकडे काढायचे आणि जोडीला मुलाखती घ्यायच्या, याला मिश्र पद्धत म्हणतात. पण दोन पद्धती वापरल्या म्हणजे संशोधन दुप्पट चांगले झाले, असे म्हणता येईल का?

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली सुधारून मांडलेल्या कसोटीत यासाठी पाच प्रश्न आहेत. दोन पद्धतींची गरज काय होती? त्या एकमेकींत गुंफल्या का? त्यातून नवे काय हाती लागले? निष्कर्ष जुळले नाहीत तिथे काय केले? आणि प्रत्येक पद्धतीचे नियम पाळले का?

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. डॉ. राणी व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ५५ टक्के स्त्रियांच्या तक्रारी होत्या, ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या फक्त ८ टक्के होत्या.

आता हिशेब करा. नुसते विचारून थांबले असते, तर शंभरातल्या किमान ३७ जणींचे दुखणे नजरेआड राहिले असते. म्हणजे तपासणीची गरज सिद्ध झाली. पण एवढ्या जणी गप्प का, हे तपासणी सांगत नाही. त्यासाठी बायकांचे बोल ऐकावे लागतात. अंगावरून पांढरे जाण्याबद्दल स्त्रिया काय समजतात, यावर बंग दांपत्याचा लेख १९९४ साली एका इंग्रजी ग्रंथात आला.

दोन्ही कामे मोलाची आहेत. पण त्यांची सांगड वाचकालाच घालावी लागते. १९८९चा अभ्यास मिश्र पद्धतीचा म्हणून मांडलेला नव्हता, म्हणून हा त्याचा दोष नव्हे. आज तसा दावा करणाऱ्याला मात्र ही सूट देता येणार नाही. शेवटच्या पानावर मुलाखतींतली चार वाक्ये डकवली, म्हणजे गुंफण झाली नाही.

पाचांपैकी चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आकडा आणि बोल जुळत नाहीत तिथे एकाला खोटे ठरवून पुढे जाणे सोपे असते. नर्सच्या नोंदीत 'तक्रार नाही' असे लिहिले की रुग्णाची चौकशी तिथेच थांबू शकते. म्हणून प्रकल्प तपासताना शिक्षकांनी आधी विचारावे : न जुळलेल्या गोष्टी कुठे नोंदवल्या आहेत?