गिअरवाले

दुचाकीच्या बाबतीत आमच्या अण्णांचा धर्म एकच : बजाज. आणि त्या धर्मातले कर्मकांड म्हणजे गिअर. डाव्या हाताने क्लच दाबायचा, मनगट पिळायचे, की चेतक पुढे सरकणार! १९८४ साली बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, तेव्हा अण्णांनी निकाल दिला, “ही गाडी नव्हे, मिक्सर आहे.”

“मिक्सरला निदान तीन गिअर असतात,” आई म्हणाली.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. अभिमान दिसला की ताळेबंद मांडतो. जमेला काय? इंजिनाचा नुसता आवाज ऐकून चढावर गिअर बदलणे, ही खरोखरची विद्या. मान्य. नावे काय? आईने उभ्या जन्मात स्कूटर चालवली नाही. “तुला गिअर जमायचे नाहीत,” म्हणत किल्ली अण्णांच्याच खिशात. शिकवले मात्र कधी नाही. म्हणजे गिअर कसला, कुलूपच की ते!

२००९ साली बजाजने स्कूटर बंद करायचे ठरवले. अण्णांनी जवळजवळ सुतक पाळले. २०२० साली चेतक परत आली, ती विजेवर. गिअर नाही, क्लच नाही. आता निष्ठा ठेवायची कोणावर, नावावर की गिअरवर? शोरूममध्ये अण्णा बराच वेळ डावी मूठ पिळून पाहत होते.

“सरका जरा,” आई म्हणाली, “मला बसून बघू दे.”

अण्णा सरकले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.