निगलचे पान

अद्भुतकथाकाराने स्वतःस कसे जपावे, याविषयी उपदेश पुष्कळ आढळतो; परंतु ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्कीन यांची १९४५ साली प्रसिद्ध झालेली ‘लीफ बाय निगल’ ही लहानशी कथा आम्हांस अधिक उपयुक्त वाटते. १९३७ मध्ये आरंभिलेली त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तेव्हा अपुरीच होती.

चित्रकार निगल एका पानापासून अफाट वृक्ष रंगवू पाहतो. शेजारी पॅरिश त्याला वारंवार कामे सांगतो. शेजाऱ्याला दूर ठेवावे, हाच सल्ला येथे अपेक्षित. टोल्कीन तो देत नाहीत. मृत्युसूचक प्रवासानंतर वृक्ष साक्षात उभा दिसतो, तेव्हा बागकाम जाणणारा पॅरिशच निगलला हवासा होतो. मधला श्रमगृहाचा भाग मात्र अकारण कठोर आहे. थकल्या कलावंताला प्रथम विश्रांती हवी; निगलला ती हातांची सालटी निघाल्यावर मिळते.