खाऱ्या वाऱ्याच्या चित्रकथा

माझा भाचा सातपाटीहून रोज पालघरला कॉलेजात जातो आणि जाता-येता मोबाईलवर जपानी ॲनिमे पाहतो. छापील चित्रकथा ती मंगा आणि पडद्यावर हलणारी ती ॲनिमे, एवढा खुलासा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी पुरे. मीही त्याच पंथातला, म्हणून "मामा, आता पुढे काय पाहू?" हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्याची चित्रकलेची वही मात्र पिवळ्या केसांच्या वीरांनी भरलेली. तीत एकही बोट नाही. विचारले तर म्हणाला, "आपल्या इथे काढण्यासारखं काय आहे?" पुढील शिफारशी या उत्तरामुळे सुचल्या आहेत.

त्याचे दैवत म्हणजे एइचिरो ओडा यांची 'वन पीस'. 1997 पासून ती अखंड चालू आहे, आणि तिच्या कल्पकतेबद्दल वाद नाही. चाचांचा कप्तान लुफी, आणि त्यालाच पोहता येत नाही! हा विनोद कोळीवाड्यात जितका खुलेल तितका अन्यत्र खुलणार नाही. पण त्या अफाट समुद्रात साहस उदंड. जाळे विणणारा किंवा बर्फाचा भाव विचारणारा माणूस क्वचितच भेटतो.

त्यावर उतारा म्हणून माचिको हासेगावा या बाईंची 'साझाए-सान' घ्यावी. 1946 साली वर्तमानपत्रात सुरू झालेली ही घरगुती गंमत, 1969 पासून दूरचित्रवाणीवरही. घरातल्या माणसांची नावे पाहा: एक शंख, एक बोनिटो मासा, एक शेवाळ, आजी म्हणजे होडी! आमचे चिमणराव आणि हे कुटुंब शेजारी राहिले असते तर दोघांचे छान जमले असते.

आता हायाओ मियाझाकी यांचा 'पोन्यो' (2008). याला लहान मुलांचा चित्रपट म्हणतात, आणि तो आहेही. मासोळीची मुलगी होते आणि तिला सर्वांत प्रिय काय, तर डुकराचे मांस! पण आपल्या माणसाने दोन ठिकाणी थांबून पाहावे. एक, तळ खरवडीत येणारे जाळे, त्यात मासळीहून कचरा अधिक, आणि त्या कचऱ्यातल्या बाटलीत अडकलेली पोन्यो. दुसरे, टेकडीवरच्या घरातून बोटीकडे चमकणारा दिवा. बाप दूर समुद्रातून कळवतो, आज येणे जमत नाही. बायको दिव्यानेच उत्तर देते, "मूर्ख, मूर्ख, मूर्ख." दर्यावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोळीगीतांवरच्या नाचांत मला कधी इतके खरे दिसले नाही. मियाझाकी 2005 साली तोमोनोउरा या जुन्या बंदरात मुक्कामाला होते. तिथे भराव घालून पूल बांधण्याची योजना होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि 2009 साली हिरोशिमाच्या न्यायालयाने ती अडवली. 2024 साली वाढवण बंदराची पायाभरणी पाहिलेल्या किनाऱ्याला ही हकीकत परकी वाटू नये.

दाइसुके इगाराशी यांची 'समुद्राची मुले' वाचावी ती पाण्याच्या रेषांसाठी. 2019 चा चित्रपट देखणा खरा, पण अखेरीस तो विश्वाच्या उत्पत्तीत असा काही शिरतो की आपण किनाऱ्यावरच राहतो. वाचावी, मग पाहावा.

त्याच दिग्दर्शकाचा, आयुमु वातानाबे यांचा, 2021 चा 'निकुको' हा चित्रपट मात्र मी सर्वांच्या पुढे ठेवतो. मासेमारीचे लहान बंदर, बोटीतच थाटलेला संसार, धिप्पाड, मोठ्याने हसणारी, पुरुषांनी वेळोवेळी फसवलेली निकुको, आणि आईची लाज वाटणारी शाळकरी मुलगी. निकुकोच्या देहावर चित्रपट जरा जास्तच हसतो, हा त्याचा दोष मी लपवणार नाही. आपल्या चित्रपटांनीही कोळीण म्हटली की कमरेवर हात आणि तोंडात भांडण एवढेच दाखवले. फरक असा की इथे हसता हसता कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथे थांबतो. पाटी घेऊन गाडीत चढलेल्या आईपासून दोन डबे दूर बसणारी मुले मी पाहिली आहेत. भाच्याला मी एवढेच सांगितले आहे, हा चित्रपट मोबाईलवर एकट्याने पाहू नकोस; रविवारी मासळीबाजार आटोपला की घरी, आईला शेजारी घेऊन लाव.