अंगणापासून नाल्यापर्यंत : चार्ल्स कोरिया यांच्या बेलापूर वसाहतीचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना :

मराठीतील वास्तुकलाविषयक लेखन प्रामुख्याने लेणी, मंदिरे, किल्ले आणि वाडे यांच्याभोवती फिरत राहिले आहे. अल्प व मध्यम उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी नियोजनपूर्वक उभारलेली वसाहत हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही जाणीव त्या मानाने क्षीण आहे. वस्तुतः घर, अंगण, रस्ता आणि पावसाच्या पाण्याची वाट यांची मांडणी कशी केली जाते, यावर सामाजिक संबंध आणि पर्यावरण या दोहोंचे आरोग्य अवलंबून असते. या दृष्टीने नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात साकारलेली चार्ल्स कोरिया यांची वसाहत अभ्यासनीय ठरते. ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ती ओळखली जाते. रचना सामाजिक प्रश्न कोठवर सोडवू शकते आणि कोठे तिची शक्ती संपते, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या वसाहतीचे मूल्यमापन केले आहे.

संकल्पना आणि रचना :

मुंबईच्या वाढीला खाडीपलीकडे वळवावे, हा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास मांडला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९७४ पर्यंत कोरिया या संस्थेचे मुख्य वास्तुरचनाकार होते. त्यामुळे बेलापूरची वसाहत हे केवळ एका इमारतकाराचे काम नाही. शहराच्या कल्पनेत ज्याचा वाटा होता, त्याने त्या शहरातील राहणीचा घालून दिलेला तो नमुना आहे.

सहा हेक्टरांपेक्षा थोड्या कमी जागेत सुमारे ५५० कुटुंबांची सोय येथे करण्यात आली. ही घनता उंच इमारतींशिवाय साधली, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. मांडणीचे मूळ एकक सात घरांचे आहे. ही सात घरे सुमारे ८ मीटर लांब-रुंद अशा एका चौकाभोवती बसतात. असे तीन गट एकत्र येऊन २१ घरांचा आणि सुमारे १२ मीटरांच्या चौकाचा मोठा गट बनतो. त्यांतून पुढे आणखी विस्तृत सामायिक जागा निर्माण होते. स्वतःचे अंगण, सात घरांचा चौक, २१ घरांचा चौक आणि संपूर्ण वसाहतीचे मैदान अशी खाजगीपणाकडून सार्वजनिकतेकडे जाणारी ही चढती श्रेणी आहे. उष्ण प्रदेशात आकाशाखालची मोकळी जागा हीदेखील एक खोलीच असते, हा कोरिया यांच्या विचाराचा गाभा येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

दुसरे तत्त्व समतेचे आहे. भूखंडांची आकारमाने साधारणपणे ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच मर्यादेत ठेवली गेली. कुटुंबांच्या उत्पन्नांत कितीतरी पटींचे अंतर असले, तरी जमिनीतील अंतर दुपटीच्या आत राहिले. तिसरे तत्त्व वाढीचे. प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र भूखंडावर उभे असून शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही. खर्च वाचावा म्हणून केवळ स्वच्छतागृहे जोडीने बांधलेली आहेत. शेजारच्या बाजूच्या भिंतीला खिडकी नाही. परिणामी, एकाने खोली वाढवली तर दुसऱ्याचा उजेड किंवा एकांत हिरावला जात नाही. विटांच्या चुनारंगी भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि गावच्या गवंड्याला सहज जमेल असे बांधकाम यांमुळे ही वाढ रहिवाशाच्या आवाक्यात राहील, अशी अपेक्षा होती.

भूदृश्य आणि पाणी :

ही वसाहत डोंगराच्या कुशीत असून तिच्यामधून एक छोटा प्रवाह वाहतो. त्याला भरावाखाली न गाडता रचनेचा भाग मानले गेले, ही बाब आजच्या पर्यावरणविषयक चर्चेच्या पार्श्वभूमीवर विशेष महत्त्वाची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बुजवलेले नाले आणि अरुंद केलेली नदीपात्रे यांची किंमत शहराला कशी मोजावी लागते, याचा प्रत्यय त्या दिवशी आला. अशा प्रदेशात मातीचा चौक आणि मोकळा प्रवाह ही शोभेची अंगे नसून पाणी मुरवण्याची व वाहून नेण्याची साधने ठरतात.

नवी मुंबईच्या व्यापक नियोजनातही हाच विचार धारण तलावांच्या रूपाने आढळतो. भरतीच्या पातळीपेक्षा सखल भागांत भरतीच्या वेळी पावसाचे पाणी या तलावांत थोपवून धरायचे आणि ओहोटी लागताच दरवाजांवाटे खाडीत सोडायचे, अशी ही योजना. कोकणातील खारभूमीत शेतकऱ्यांनी बांध आणि उघाडी यांच्या आधारे पिढ्यान् पिढ्या हेच तंत्र वापरले आहे. तथापि, पुढे तलावांत गाळ साचला, त्यावर कांदळवन वाढले आणि गाळ काढणे व कांदळवन राखणे या दोन योग्य उद्दिष्टांतच संघर्ष उभा राहिला. रचना कितीही समर्पक असली, तरी तिची निगा राखणारी व्यवस्था नसेल तर उपायच नव्या समस्येचे रूप घेतो. बांधाची दुरुस्ती हे खारभूमीतील शेतकऱ्यांचे सामूहिक कर्तव्य असे. धारण तलावांच्या बाबतीत अशी कर्तव्यभावना कोणाकडेच सोपवली गेली नाही.

रूपांतर आणि त्याचे अर्थ :

आज बेलापूरमध्ये मूळची कौलारू घरे थोडीच उरली आहेत. बहुसंख्य ठिकाणी दोन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी आहेत आणि अनेक चौकांत वाहने दिसतात. यावरून समीक्षकांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते मूळ रूप नष्ट झाल्याने हा प्रयोग फसला. दुसऱ्या पक्षाच्या मते घरे वाढावीत हाच हेतू असल्याने प्रयोग सफल झाला.

हे दोन्ही निष्कर्ष अपुरे वाटतात. पहिला पक्ष छायाचित्रातील घरालाच वास्तुकला समजतो. घरे बदलली तरी चौकांची मांडणी बव्हंशी टिकून आहे, म्हणजेच रचनेचा सांगाडा बदल पचवू शकला, हे तो विसरतो. दुसरा पक्ष वाढ कोणाची झाली हे विचारीत नाही. एक खोली जोडणारे मूळचे कुटुंब आणि जुने घर पाडून तीन मजले चढवणारा नवा मालक यांची वाढ एकाच मापाने मोजता येत नाही. भूखंडाच्या आकारात समता आणता आली. भूखंडाच्या किमतीवर मात्र आराखड्याचे नियंत्रण नव्हते. जमिनीचा भाव वाढत गेला, तसतशी वाढीची मुभा ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्या पदरी पडत गेली.

येथे बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूर येथील ‘अरण्य’ प्रकल्पाशी तुलना उद्बोधक ठरते. १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार लाभलेल्या या सुमारे ६५०० भूखंडांच्या वसाहतीत गरीब कुटुंबाला पूर्ण घर न देता जोते, स्वच्छतागृह आणि पाण्याची सोय एवढाच गाभा दिला गेला. मोठ्या भूखंडांच्या विक्रीतून लहान भूखंडांचा भार हलका करण्यात आला. बेलापूरने समता भूमितीत शोधली, तर अरण्यने ती वित्तरचनेतही शोधली. या मुद्द्यावर दोशी यांचा विचार एक पाऊल पुढे जातो, असे म्हणावे लागेल.

आराखड्याबाहेरचे गाव :

बेलापूर वसाहतीची सर्वांत गंभीर मर्यादा तिच्या सीमेबाहेर आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. वसाहतीचे काम चालू असतानाच, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर उरण परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, ती या संघर्षाचे फलित होय.

अंगण, चौक आणि उतरते छप्पर हे खेड्याचे रूप रचनाकाराने आदरपूर्वक स्वीकारले. परंतु ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्या आगरी-कोळी समाजाची प्रत्यक्ष गावठाणे नियोजित क्षेत्रांच्या मध्ये बेटांसारखी राहिली. त्यांतील घरेही कुटुंबांबरोबर वाढली. मात्र आराखड्यातील वाढीला दूरदृष्टीचा मान मिळाला आणि गावठाणातील वाढीवर अनधिकृततेचा शिक्का बसला. हा दोष एकट्या कोरिया यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण भूसंपादनाचे धोरण त्यांच्या हाती नव्हते. तरीही खेड्याचे रूप घेणाऱ्या वास्तुकलेने त्या खेड्यातील माणसाच्या हक्काचा विचार कितपत केला, हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही.

समारोप :

बेलापूरच्या वसाहतीने घनता म्हणजे उंच इमारत हे समीकरण मोडले, शेजाराला निश्चित आकार दिला आणि बदलाला जागा ठेवली. हे तिचे यश निर्विवाद आहे. जमिनीची किंमत, सामायिक जागेची निगा आणि मूळ भूमिपुत्रांचा वाटा हे तीन प्रश्न मात्र रचनेच्या रेषांनी सुटले नाहीत. त्यांसाठी कायदा, वित्त आणि लोकसंघटन यांची जोड आवश्यक होती. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि साहित्य या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे आपल्या परिसरातील वसाहतींची अशी तपासणी हाती घेतल्यास ती उपयुक्त ठरेल. घर कोणी बांधले, आज त्यात कोण राहते आणि पावसाचे पाणी कोठे जाते, या तीन प्रश्नांपासून त्या तपासणीचा आरंभ करता येईल. पुनर्विकासाच्या रेट्यात बैठ्या वसाहती झपाट्याने नाहीशा होत असताना ही नोंद वेळीच होणे अगत्याचे आहे.