गणना आणि मात्रा : गायगर-आर्डुइनो प्रकल्पांची चिकित्सा
२०१० साली दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेल्या उपकरणातील कोबाल्ट-६० ने मायापुरीच्या भंगार बाजारात एका कामगाराचा बळी घेतला. त्यामुळे मानकोलीसारख्या (भिवंडी) गोदामांच्या परिसरात गायगर नळी आर्डुइनोला जोडणारा विद्यार्थी-प्रकल्प निव्वळ हौस ठरत नाही. सुमारे ४०० व्होल्टवर चालणाऱ्या नळीचा स्पंद पाच व्होल्टपर्यंत आणून इंटरप्ट पिनला देणे फारसे अवघड नाही. आक्षेप पुढील पायरीवर आहे. मिनिटात २५ स्पंद मोजले तर सांख्यिकीय अनिश्चितता ५, म्हणजे २० टक्के. तरी पडद्यावर मायक्रोसिव्हर्ट तीन दशांश स्थळांपर्यंत झळकतात! रूपांतराचा गुणक नळी व किरणांची ऊर्जा यांनुसार बदलतो. अंशशोधनाविना अहवालात गणना, कालावधी व पार्श्वभूमी एवढेच नोंदवावे. अतितीव्र स्रोताजवळ तर नळी संपृक्त होऊन आकडा उलट घसरू शकतो.