प्रवासी आणि रहिवासी

काही लेखन साहित्यगुणांपेक्षा वाचकाच्या गरजेमुळे दीर्घायुषी ठरते. अमेरिकन लेखिका एमिली पर्ल किंग्सली यांचा ‘वेलकम टू हॉलंड’ हा १९८७ मधील छोटेखानी लेख त्यांपैकीच. त्यांचा मुलगा जेसन १९७४ साली डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्याने उद्भवणारी ही अवस्था. असे मूल घरी आले की आजही अनेक देशांत आईबापांच्या हाती हा लेख दिला जातो.

लेखातील रूपक सोपे आहे. इटलीच्या सहलीची तयारी करावी आणि विमान उतरावे हॉलंडमध्ये! हॉलंड वाईट नाही, निराळे आहे; इटलीसाठी झुरत राहिल्यास इथले सौंदर्य हातचे जाईल. ह्या रूपकाचे श्रेय असे, की ते शोकाला लाजवीत नाही. हरवलेल्या स्वप्नाची वेदना कायमची, हे लेखिका मान्य करते आणि मगच आनंदाची वाट दाखवते.

तरीही लेख फिरून वाचताना आम्हांस दोन उणिवा जाणवतात. पहिली ही, की प्रवासी परत येतो. हे आईबाप मात्र तेथले रहिवासी होतात. अशा सुमारे निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. शस्त्रक्रिया, वाचोपचार, शाळेचा शोध ह्यांत कित्येक आयांची नोकरी सुटते. अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० च्या घरात आहे. वार्ता आनंदाचीच, पण तिच्या पोटात ‘आमच्यामागे कोण?’ हा प्रश्न दडला आहे. पन्नाशीच्या लेकाची दाढी करून देणारा ऐंशीचा बाप ह्या रूपकात मावत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर. लेखात मूल कोठेच नाही. ते देश झाले आहे, माणूस नव्हे. ह्याचे उत्तर लेखिकेच्याच घरातून आले. जेसनने मिचेल लेव्हिट्झ ह्या मित्रासह ‘काउंट अस इन’ हे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध केले. डाऊन सिंड्रोम असलेले हे दोघे तरुण त्यात शाळा, मैत्री, लग्न आणि स्वतंत्र राहण्याची ओढ यांविषयी स्वतः बोलतात. मूल असे बोलू लागले, की आईबापांचे जगणे नुसते सोसणे उरत नाही. तो सहवास होतो.

हॉलंडात शेजारी कोण, हेही लेख सांगत नाही. दृष्टी बदलण्याचे सारे ओझे तो आईबापांवरच टाकतो. मिस्सेत मध्येच मोठ्याने गाणाऱ्या मुलाकडे माना वळतात आणि पुढच्या रविवारपासून त्याची आई शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागते. तिची दृष्टी बदलून काय उपयोग? वळणाऱ्या माना आपल्या आहेत. तिच्या हाती लेख जरूर द्यावा. पण एखाद्या दुपारी तिच्या मुलाला आपल्या घरी बोलावून तिला दोन तासांची विश्रांतीही द्यावी.