राइशटागच्या भिंती वाचताना

परदेशी विद्यार्थ्यांचा गट बर्लिनच्या संसदेत, म्हणजे राइशटागच्या इमारतीत शिरतो, तेव्हा साऱ्यांना ओढ असते ती काचेच्या घुमटाची. घुमट देखणा आहेच. पण शिक्षणासाठी तिथे असताना गटाबरोबर गेले, तेव्हा मला ही वास्तू भिडली ती खाली, सभागृहालगतच्या बोळांत.

तिथल्या दगडी भिंतींवर रशियन लिपीतला मजकूर आहे. मे १९४५ मध्ये बर्लिन जिंकून आत आलेल्या लाल सैन्यातल्या शिपायांनी तो कोळशाने आणि रंगीत खडूने लिहिला. आमच्यातली कझाकस्तानची एक मुलगी तो वाचू लागली. बहुतेक ठिकाणी नुसती नावं, कुठे गावाचं नाव, कुठे तारीख. अक्षरं तिरकी, घाईतली, एकावर एक चढलेली. जिंकणाऱ्याची घोषणा त्यात आहे, पण जास्त ऐकू येतं ते एवढंच, की मी इथवर जिवंत पोहोचलो. ज्या युद्धात सोव्हिएत संघाची दोन कोटींहून अधिक माणसं गेली, त्याच्या शेवटी लिहिलेलं नुसतं नावसुद्धा पूर्ण वाक्य वाटतं.

आपल्याकडे गडांच्या तटांवर कोरलेली नावं पाहून चीड येते आणि ती रास्तच आहे. इथली नावं मात्र पुसली असती, तर इतिहासच पुसला गेला असता. साठच्या दशकातल्या दुरुस्तीत ती आच्छादनाखाली दडली होती. नव्वदच्या दशकात वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी नूतनीकरण हाती घेतलं, आच्छादनं निघाली आणि अक्षरं पुन्हा उजेडात आली. अश्लील मजकूर तेवढा काढून बाकीचा राखला. काही खासदारांचा त्याला विरोध होता, तरीही तो टिकला. आपल्या पराभवाच्या खुणा आपल्याच कायदेमंडळाच्या वाटेवर ठेवायच्या आणि खासदारांनी रोज त्यांच्यासमोरून जायचं, यापरता धीट निर्णय मला कुठल्याही संसदेच्या इमारतीत दिसलेला नाही.

इमारत १८९४ ची, पाउल वालोट यांची. १९३३ च्या फेब्रुवारीत ती पेटली आणि त्या आगीचं निमित्त करून नात्सींनी नागरिकांचे हक्क गोठवले. हे ठाऊक असलं की घुमटाचाही अर्थ लागतो. फॉस्टर यांच्या मूळ आराखड्यात तो नव्हता, नंतर आला. मधोमध ३६० आरशांचा शंकू आहे. तो दिवसाचा उजेड खाली सभागृहात पोहोचवतो आणि आतली उष्ण हवा त्याच्यातूनच वर निघून जाते. भोवतीच्या वळणदार चढावरून लोक चालत असतात, प्रतिनिधींच्या डोक्यावरून. नागरिक वर, सत्ता खाली, ही कल्पना मोलाची आहे. पण ती पाहताक्षणी कळते. भिंती थांबवतात, वाचायला लावतात. म्हणून माझं माप भिंतींच्या बाजूने झुकतं.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना एकच सांगावंसं वाटतं. घुमट पाहायला पैसे पडत नाहीत, आधी नाव नोंदवावं लागतं. पण नुसत्या घुमटाच्या भेटीत या भिंती दिसत नाहीत. मार्गदर्शकाबरोबरची आतली फेरी आवर्जून मागून घ्या, आणि रशियन वाचता येणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्याला सोबत न्या.